पांढऱ्या वाइनचा टक्का ग्राहकाला दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या पेयांवर लेख होता. त्यात पन्हे, कोकम सरबत आणि सोलकढीच्या पंक्तीत थंडगार पांढरी वाइनही बसवली होती. ती हलकी असते, रेडसारखी चढत नाही, ज्यांना मद्याची सवय नाही त्यांनी सुरुवात तिच्यापासून करावी, असा एकूण सूर होता. द्राक्षांच्या जाती दिल्या होत्या, सोबत काय खावे ते होते, ग्लास कसा धरावा हेही होते. त्या बाटलीत मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल, किती टक्के असतो, ते मात्र लेखात कुठेच नव्हते. म्हणून हे पत्र. लांबले असेल तर मजकूर कापा, पण आकडे कापू नका, ही विनंती.

मी दिंडोरी तालुक्यात राहते. घरची द्राक्षबाग आहे. काही भागात खाण्याची थॉमसन, काही भागात वाइनसाठीची शेनिन ब्लांक. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर जवळच्याच एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत कामाला लागले आणि आजही तिथेच आहे. त्यामुळे द्राक्षाची साखर मी वेलीवरही मोजते आणि त्या साखरेचे पुढे किती मद्य झाले तेही टाकीतून नमुना काढून मोजते. वाइनवर माझ्या घराची चूल चालते, म्हणून या विषयावर गप्प बसणे मला बरोबर वाटत नाही.

आधी रंगाचा मुद्दा. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून सालीतला रंग आणि तुरटपणा तिच्यात उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे प्रेसमध्ये दाबून रस आधीच वेगळा करतात, तो थंड ठेवून निवळू देतात आणि मग स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १६ अंश तापमानाला दोन-तीन आठवडे सावकाश आंबवतात. मद्य तयार होते ते रसातल्या साखरेपासून, आणि यीस्टला साल असली काय नि नसली काय, फरक पडत नाही. लिटरभर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर असेल तर तिच्यापासून एक टक्का मद्यार्क होतो. द्राक्ष बागायतदाराला हे आणखी सोप्या रीतीने सांगता येते, कारण रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजण्याचे उपकरण, आता आमच्याकडे घरोघर आहे. मणी चिरडून थेंब काचेवर टाकला, उजेडाकडे धरून बघितले की ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे प्रमाण, दिसतो. त्या ब्रिक्सला ०.५५ ते ०.६० ने गुणा. पूर्ण आंबवून कोरडी केलेल्या, म्हणजे साखर न उरलेल्या, वाइनचा टक्का हाताशी येतो. १९ ब्रिक्सला साधारण १० ते ११ टक्के, २२ ब्रिक्सला १२ ते १३ टक्के, २४ ला १३ च्या वर. रस सोनेरी आहे की जांभळा, याचा या गुणाकाराशी संबंध नाही.

जगभराचे बघितले तर पांढरी वाइन लालपेक्षा सरासरीने थोडी कमी भरते, हे खरे आहे. पांढऱ्या वाइनला आंबटपणा टवटवीत लागतो, म्हणून तिची द्राक्षे थोडी आधी काढतात. आणि तिच्या बऱ्याच जाती थंड मुलखातल्या आहेत. पण हा फरक टक्का-अर्ध्या टक्क्याचा असतो आणि तोही प्रत्येक वेळी नसतो. कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियाच्या उबदार भागातली शार्डोने ही पांढरी वाइन सहज १३.५ ते १४.५ टक्क्यांवर जाते. थंड भागातली पिनो न्वार ही लाल वाइन तिच्याहून कमी असू शकते.

आणि आपले नाशिक काही थंड मुलूख नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या आपणच छापता, त्या खऱ्याच असतात; रात्रीच्या त्या गारव्यानेच मण्यातला आंबटपणा टिकतो. पण फेब्रुवारी उजाडला की दुपारचे ऊन चटके देऊ लागते. ऑक्टोबर छाटणीच्या बागेत त्या दिवसांत मण्यात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. युरोपात द्राक्ष पिकते ते उन्हाळा संपून हवा गार होत असताना, आमच्याकडे ते पिकते ऊन वाढत असताना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुला या वाइन कंपनीने नाशिकला सॉव्हिन्यॉन ब्लांक आणि शेनिन ब्लांक लावली, पुढे २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, विंचूरला वाइन पार्क झाले, आणि या दोन्ही पांढऱ्या जाती आमच्या भागात रुजल्या. त्या उत्तम आल्या. पण त्या इथल्या उन्हात पिकतात. काढणी चार दिवस लांबली, मजूर वेळेवर मिळाले नाहीत, वाइनरीत टाकी रिकामी नव्हती, की त्याच बागेतल्या त्याच वेलींची वाइन साडेबाराऐवजी साडेतेरा टक्क्यांची होते. चव बघून हा फरक सांगणे कठीण, लेबल बघून मात्र एका क्षणात कळते.

लेबलवर टक्का छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तो छापलेलाही असतो, बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. तो आकडा आम्ही कसा काढतो, हे लोकांना ठाऊक असावे असे वाटते, म्हणजे त्यावर विश्वास बसेल. एक पद्धत उकळण्याची आहे. पाण्यात मद्यार्क मिसळला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. जितका मद्यार्क जास्त, तितका तो खाली. एबुलियोमीटर नावाच्या पितळी उपकरणात आधी शुद्ध पाणी उकळून त्या दिवसाचा उत्कलनबिंदू बघावा लागतो, कारण हवेचा दाब रोज बदलतो. शाळेच्या पुस्तकात पाणी १०० अंशांना उकळते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथे ते ९८ च्या आसपासच उकळते. मग वाइन उकळायची आणि दोन्हींतल्या फरकावरून टक्का काढायचा. वाइनमध्ये साखर उरलेली असली तर हे मापन चुकते, म्हणून गोड वाइन ऊर्ध्वपातन करून, म्हणजे मद्यार्क वेगळा काढून त्याची घनता मोजतात. लेबलच्या आकड्याला कायद्याने थोडी सूट असते. युरोपात बहुतेक वाइनना अर्धा टक्का इकडे-तिकडे चालतो. अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला तब्बल दीड टक्का. म्हणजे १२.५ छापलेली अमेरिकी बाटली प्रत्यक्षात १४ पर्यंत असू शकते. परदेशी बाटल्या आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

ग्लासच्या काठावरून ओघळणारे थेंब बघून टक्का सांगणारी मंडळीही भेटतात. काठावरचा मद्यार्क आधी उडून जातो, तिथल्या पातळ थराचा पृष्ठताण वाढतो, तो वाइन वर ओढतो आणि ती थेंबाने खाली येते. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच याचे स्पष्टीकरण दिले आहे. यावरून मद्यार्क आहे एवढे कळते. किती आहे, ते कळत नाही.

टक्का वाचला तरी काम अर्धेच होते, कारण पोटात जातो तो मिलिलिटरने. इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

१२.५ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास घ्या. त्यात १८.७५ मिली शुद्ध मद्यार्क आहे. मद्यार्काची घनता ०.७८९, म्हणजे सुमारे १४.८ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिलीच्या बाटलीत साडेसोळा मिली असतो, साधारण १३ ग्रॅम. आणि आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा तीसचा पेग? १२.८ मिली, सुमारे १० ग्रॅम. म्हणजे पांढऱ्या वाइनचा एक साधा ग्लास तीसच्या पेगपेक्षा जड आहे. ग्लास मोठा असेल, २५० मिलीचा, आणि वाइन साडेतेरा टक्क्यांची असेल, तर त्यात ३३.७५ मिली मद्यार्क होतो. साठच्या पेगमध्ये २५.७ मिली असतो. आता पूर्ण बाटली. ७५० मिली, १२.५ टक्के: ९३.७५ मिली. व्हिस्कीची क्वार्टर, म्हणजे १८० मिली: ७७ मिली. ज्या घरांत क्वार्टर हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत, त्या घरांत एका संध्याकाळी दोघांत एक बाटली पांढरी वाइन संपते आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. मी इथे कोणाला नावे ठेवत नाही. त्या दोघांना हा हिशेब कोणी दाखवलेलाच नसतो, एवढेच सांगते आहे.

घरी एकदा करून बघा. मोजपात्राने १५० मिली पाणी घ्या आणि नेहमीच्या वाइनच्या ग्लासात ओता. मोठ्या पोटाच्या ग्लासात ते तळाशीच राहते. पाहुण्यांसमोर इतके कमी ओतायला लाज वाटते, म्हणून हात सैल सुटतो. हॉटेलात तर ग्लास म्हणजे किती, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये ग्लासने विकली जाणारी साधी, म्हणजे न फेसाळणारी, वाइन १२५ किंवा १७५ मिली किंवा त्यांच्या पटीतच द्यावी लागते. ऑस्ट्रेलियात बाटलीवर किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत हे छापावे लागते. तिथे एक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. १२.५ टक्क्यांच्या बाटलीवर ७.४ असा आकडा येतो. ग्राहकाला गुणाकार करावा लागत नाही.

आता गोडीबद्दल. वाइनरीत चव बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडून, विशेषतः कुटुंबासह आलेल्या बायकांकडून, एकच वाक्य सारखे ऐकू येते: मला काही गोडसर द्या, म्हणजे हलकी. यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच फसगत होते. एकाच रसाचे आंबणे मध्येच थांबवले तर साखर शिल्लक राहते आणि मद्य कमी होते. इटलीतली मोस्काटो द'आस्ती अशीच बनते. तिची मर्यादाच ४.५ ते ६.५ टक्के आहे. जर्मनीत मोझेल नदीकाठची गोडसर रीसलिंग आठ-नऊ टक्क्यांची मिळते. या वाइन खरोखर हलक्या आहेत. पण फ्रान्सची सोतर्न घ्या. वेलीवरच सुकत आलेल्या, विशिष्ट बुरशीने आटलेल्या द्राक्षांत साखर इतकी साठते की १३-१४ टक्के मद्य होऊनही लिटरला शंभर ग्रॅमहून अधिक साखर उरते. ती अतिशय गोड आहे आणि तितकीच जोरदारही. आमच्या भागातल्या शेनिनमध्येही किंचित गोडी मुद्दाम ठेवतात, तिखट जेवणाबरोबर ती छान लागते. माझ्या हातांखालून जाणाऱ्या अशा शेनिनचा टक्का मात्र बाराच्या आसपासच असतो. त्या गोडीने मद्यार्काची जळजळ झाकली जाते, एवढेच.

थंडपणाही तेच करतो. ८-१० अंशांना मद्यार्काची वाफ कमी उठते, नाकाला तो जाणवत नाही, आंबटपणा पुढे येतो आणि तोंडाला पाणी सुटते. तोच ग्लास बाहेर ठेवून मग हुंगा, लगेच कळेल. बर्फ टाकण्याबद्दल मला सारखे विचारतात. बर्फ वितळून ग्लासातला टक्का उतरतो, हे बरोबर. पण मद्यार्काचे मिलिलिटर तेवढेच राहतात. ग्लास संपवला की ते सगळे पोटात. सोडा घालून लांब केलेल्या ग्लासाचेही तसेच. त्याचा खरा फायदा एवढाच की प्यायला वेळ लागतो, आणि तो फायदा मी कमी लेखत नाही. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्कच निस्तरू शकते. एका ग्लासाला दीड ते दोन तास.

हा वेळ महत्त्वाचा का, ते नाशिकच्या रस्त्यांवर शनिवार-रविवारी दिसते. मुंबईहून गाड्या भरून लोक द्राक्षबागा बघायला येतात. येऊ देत, आमच्या गावांना त्यातून रोजगार मिळाला आहे, होम-स्टे उभे राहिले आहेत. टेस्टिंगमध्ये एकेका वाइनचे साधारण ३० मिली ओततात. पाच वाइन चाखल्या की १५० मिली झाले, म्हणजे एक पूर्ण ग्लास. नुसती चव घेतली, प्यायलो नाही, असे ज्याला वाटते तोही एक ग्लास प्यायलेला असतो. मग जेवणाबरोबर आणखी एक. आणि संध्याकाळी गाडी कसारा घाटाकडे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आता त्या एका ग्लासाच्या १४.८ ग्रॅमचा हिशेब करा. ठोकळ सूत्राने ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलीला तीसच्या आसपास जाते. ५५ किलोच्या बाईच्या रक्तात पन्नासच्या जवळ, कारण बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते आणि मद्यार्क पाण्यातच पसरतो. पोटात अन्न असेल, वेळ गेला असेल तर आकडा खाली येतो. उपाशीपोटी भराभर घेतली तर येत नाही. माझी मामेबहीण लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जेवायला गेली होती. पांढरी आहे, हलकी आहे, असे वाढणाऱ्यानेच सांगितले, दोन मोठे ग्लास झाले आणि ती गंगापूर रोडवरून स्कूटर चालवत घरी निघाली. वळणावर घसरली. हाताला प्लॅस्टर बसले, त्यावर निभावले. तिने काही लपूनछपून केले नव्हते. तिला कोणी आकडा सांगितला नव्हता.

आरोग्याचेही स्पष्ट लिहिते. मद्य हे कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच ठरवून त्याला पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या घटकांच्या, गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगितले की आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येईल अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही. त्यांनी व्हिस्की वेगळी, वाइन वेगळी असे केलेले नाही, कारण इथेनॉल सगळीकडे तेच. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा केवढा वाद पेटला होता. एका बाजूने म्हणायचे, वाइन ही दारू नव्हेच. दुसऱ्या बाजूने म्हणायचे, आता पिढीच बुडणार. त्या गदारोळात बाटलीत साडेबारा टक्के आहे, एका ग्लासात पंधरा ग्रॅम आहे, हे साधे वाक्य कोणी जाहीरपणे बोलल्याचे मला आठवत नाही. द्राक्षापासून बनते म्हणून ती निरुपद्रवी होत नाही आणि शेतकऱ्याचे भले होते म्हणूनही होत नाही. मी शेतकऱ्याच्याच घरातली आहे, म्हणून हे ठामपणे लिहू शकते.

माझी मागणी लहान आहे. जिथे वाइन ग्लासने विकली जाते, त्या प्रत्येक ठिकाणी, मग ते हॉटेल असो, रिसॉर्ट असो की वाइनरीचे टेस्टिंग, मेनूकार्डवर किमतीशेजारी दोन आकडे छापावेत: ग्लास किती मिलीचा आणि वाइन किती टक्क्यांची. शेनिन ब्लांक, १५० मिली, १२.५ टक्के. एवढेच. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, टक्का बाटलीवर असतोच. आज बहुतेक मेनूकार्डांवर द्राक्षाचे नाव, गाव आणि रुपये असतात, चवीत पेरू आणि पॅशनफ्रूट असल्याचे असते, टक्का नसतो. बाटली टेबलावर येतच नाही, त्यामुळे ग्लास मागवणाऱ्याला लेबल दिसतच नाही. आकड्याची गरज मात्र त्यालाच सगळ्यांत जास्त आहे.

आमच्याच धंद्यातले काही जण म्हणतील की असे आकडे पुढे केले तर खप कमी होईल आणि शेवटी मार शेतकऱ्याला बसेल. मला उलट वाटते, आणि का ते सांगते. आज वाइनच्या द्राक्षांचा भाव बराचसा ब्रिक्सवर ठरतो. ठरलेल्या ब्रिक्सपेक्षा कमी भरली तर भाव कापतात. म्हणून बागायतदार माल वेलीवर धरून ठेवतो, साखर चढायची वाट बघतो. ही वाट बघण्याचे दिवस म्हणजे फेब्रुवारी-मार्च, अवकाळी पाऊस आणि गारपिटीचे. तयार मालावर एक रात्र पाऊस झाला की मणी तडकतात, घडात कुज शिरते, आणि वर्षभराची मेहनत क्रेटमध्ये न भरता बांधावर टाकावी लागते. आता समजा, ग्राहक टक्का बघून वाइन मागू लागला, साडेदहाची आहे का म्हणून विचारू लागला. मग वाइनरीला १९ ब्रिक्सची शेनिन आधी काढायला कारण मिळेल आणि त्या मालाला वेगळा, रास्त भाव ठरवता येईल. शेतकऱ्याचा माल गारपिटीच्या तोंडातून काही दिवस आधी सुटेल.

हे काम सोपे नाही, हेही सांगायला हवे. १९ ब्रिक्सला आंबटपणा चढा असतो, सुगंध पुरता उमललेला नसतो. नुसती लवकर काढली की चांगली वाइन होते असे नाही. पानांची विरळणी, घडावर पडणारा उजेड, किती घड ठेवायचे, यांवर बागेतच काम करावे लागेल, आणि वाइन बनवणाऱ्याला यीस्ट आणि तापमान वेगळे सांभाळावे लागेल. पोर्तुगालच्या उत्तरेकडे विन्यो वेर्दे नावाची पांढरी वाइन अशीच टवटवीत, कमी मद्याची बनते. नऊ-दहा टक्क्यांच्या तिच्या बाटल्या तिथे नेहमीच्या आहेत. मद्यार्क यंत्राने काढून टाकलेली वाइनही हल्ली मिळते, अर्ध्या टक्क्याच्या आतली. ती ज्यांना हवी त्यांनी जरूर घ्यावी. पण यंत्राने मद्यार्क काढताना सुगंधही जातो, आणि ती यंत्रे महाग असतात. बागेतच कमी साखरेला काढणे हा आमच्यासारख्या छोट्या बागायतदाराला परवडणारा मार्ग आहे. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे. इथली पांढरी वाइन प्रामाणिक आकड्यासाठी ओळखली जावी, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपली पुरवणी नाशिकपासून नागपूरपर्यंत घराघरांत जाते आणि तिच्यात वाइनवरचे लेख आता वरचेवर येतात. पुढच्या वेळी एखाद्या वाइनची शिफारस छापाल, तेव्हा द्राक्षाच्या नावापुढे तिचा टक्का आणि १५० मिलीच्या ग्लासात किती ग्रॅम मद्यार्क आहे ते छापा. टक्क्याला १.१८ ने गुणले की तेवढेच ग्रॅम येतात. लेखकाने आकडा दिला नसेल तर तो बाटलीच्या मागच्या लेबलवरून मागवून घ्या. आणि गेल्या रविवारच्या लेखाखाली वाचकांसाठी एवढी एक ओळ तरी द्या की, त्यातली पांढरी वाइन कोकम सरबताच्या रांगेतली नाही, तिच्या एका ग्लासात व्हिस्कीच्या तीसच्या पेगपेक्षा जास्त मद्यार्क आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक द्राक्ष बागायतदार आणि वाइनरीतील रसायनतज्ज्ञ
ता. दिंडोरी, जि. नाशिक